शीलाच्या सहीची पट्टी

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५
अवसरी खुर्द, ता. आंबेगाव

या वहीची आधी माफी मागते. होळीनंतर इथे एक ओळही लिहिली नाही. खाणावळीच्या कामाचं निमित्त सांगता येईल, पण ते खोटं आहे. वही उघडली की खरं लिहावं लागतं, म्हणून टाळत होते. आज टाळण्यासारखं राहिलं नाही. घोडेगावच्या वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्र आधी तुमच्या हाताने, तुमच्या शब्दांत लिहून आणा, कायद्याची भाषा मी घालते. ते लिहायला बसले आहे.

मी, स्नेहल भरत वाळुंज, माहेरची आहेर, वय ४६, शिक्षण बी. ए., व्यवसाय खाणावळ, राहणार वरीलप्रमाणे, लिहून ठेवते की मी पूर्ण शुद्धीवर आहे. मला कुठला आजार नाही. कुणी धाक दाखवलेला नाही, गोड बोलून बसवलेलं नाही. मी रागात आहे, हे मात्र लपवत नाही. राग आणि बेशुद्धी यांत फरक आहे, तो वाचणाऱ्याने करावा. माझे पती भरत सत्तेचाळिसाव्या वर्षी, दुपारचं जेवून हात धुताना गेले. त्यांनी काही लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून मी लिहिते आहे.

कलम १. गावठाणातल्या घराचा माझ्या नावचा अर्धा हिस्सा आणि ओढ्याकडच्या पट्टीत मी स्वतःच्या दागिन्यांवर बांधलेल्या सहा खोल्या, खालच्या जागेसह, माझा मुलगा सार्थक याला. या खोल्यांत इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुली राहतात. त्यांच्या गेटला रात्री आठला कुलूप लावा, असं सांगायला पहिल्या वर्षी गावातली चार माणसं आली होती. शेजारी मुलांच्या खोल्या आहेत, तिथे कुलूपच नाही. मी दहाची वेळ ठेवली. सार्थकनेही तीच ठेवावी.

कलम २. खाणावळीची सगळी भांडी, दोन शेगड्या आणि मोठी परात सरूबाईला. सोळा वर्षं तिने या परातीत पीठ मळलं आहे. तिला साक्षीदार हो म्हणाले होते, पण ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्ष करू नये, असं वकीलबाईंचं म्हणणं. सरूबाईने क्षणभर विचार केला. म्हणाली, "मंग साक्षीला दुसरं कुणी बगा बाई. परातीवर माजा जीव हाय."

कलम ३. आणे या माझ्या माहेरगावची जमीन. वडील भिमाजी आहेर २०१९ साली वारले. आई आधीच गेली होती. सातबाऱ्यावर माझा दादा बाळासाहेब आणि मी, अशी दोन नावं लागली. जमीन जिरायत, पठारावरची. बाजरी झाली तर झाली, नाहीतर हुलगे. तिची किंमत कुणी मनावर घ्यावी अशी नाही.

आमच्याकडे हक्कसोडीची रीत आहे. बाप गेला की बहिणींनी जमिनीवरचा हक्क भावाला लिहून द्यायचा. त्या दिवशी घरी पुरणपोळी होते, जीप ठरते, सगळे मिळून निबंधक कार्यालयात जातात. बहीण सही करते, अंगठा देते, फोटो काढते, आणि भाऊ तिला साडी घेतो. कुणी याला वाटणी म्हणत नाही, माहेर राखणं म्हणतात.

वडिलांच्या दशक्रियेच्या मांडवात एका पुढाऱ्याने श्रद्धांजलीच्या भाषणात सांगितलं की ज्या घरातली लेक बापाच्या जमिनीकडे डोळा लावत नाही, त्या घरात संस्कार आहेत. मी पहिल्या रांगेत बसले होते. माझे डोळे रडून सुजलेले होते, ते कुठेच लागलेले नव्हते. महिन्याभराने दादाने जीप ठरवली, मला विचारण्याआधी. मी म्हणाले, सही करणार नाही. बांध घालून मागणार नाही, पीक मागणार नाही, तूच कस. पण वडिलांच्या कागदावर माझं नाव राहू दे.

दादा ओसरीच्या पायरीवर बसला होता. वर न बघता म्हणाला, "जिमीन पायजे का भाऊ पायजे, येकदा ठरव. दोनी न्हाय मिळायचं."

मी कुठे काही मागितलं होतं? कायद्याने जे माझं होतंच ते मी फक्त सोडलं नाही. त्यानंतर सहा भाऊबीजा झाल्या, दादा आला नाही आणि मला बोलावलं नाही. आण्याच्या यात्रेत आमटीच्या पंगतीला मी गेले तेव्हा माझ्या शेजारचं पान मोकळं राहिलं. या दिवाळीत कळलं की दादाची मुलगी हर्षाली हिचं लग्न ठरलं आहे, आणि लग्नाआधीच तिच्याकडून तिच्या भावाच्या, स्वराजच्या, नावे हक्कसोड लिहून घेणार आहेत. एकदा सासरी गेली की मुलगी आत्यासारखी शहाणी होते म्हणे.

दादाचं खरं तेही लिहिते. वडील दोन वर्षं अंथरुणाला होते, त्यांचं हगमूत दादाने आणि वहिनीने काढलं. मी महिन्यातून एकदा सफरचंदं घेऊन जायची. त्या सेवेचा मोबदला म्हणून जमीन मागितली असती तर मी हसत सही केली असती. पण तसं मागणं त्याला कमीपणाचं वाटलं. त्याने माझे संस्कार मोजायला घेतले.

माझा आण्याचा हिस्सा हर्षालीला. यात दादाला टोचण्याची इच्छा किती आणि पोरीची काळजी किती, हे मी स्वतःला तीन दिवस विचारते आहे. निम्मं-निम्मं असावं. मुलीने ही जमीन पुढे कुणालाही द्यावी, स्वराजलाही. फक्त द्यायच्या आधी ती तिची असावी.

कलम ४. ओढ्याकडची पट्टी.

हे कलम मी चार वेळा लिहून खोडलं आहे. भरत गेल्यावर माझ्याकडे वाटणीत आलेली ही पट्टी, खोल्यांखालची जागा सोडून, कॉलेजच्या रस्त्याला लागून मोकळी आहे. सातबाऱ्यावर माझं नाव आहे. ती माझी नाही.

भाऊबीजेला माझी नणंद शीला आली होती. शीला ओझरला दिलेली आहे. देवळाच्या वाटेवर तिचं हार-दूर्वांचं दुकान आहे. भरत गेल्यापासून ती सार्थकला ओवाळायला येते, एकही वर्ष चुकलेली नाही. तिच्यासमोर मी दादाचा सगळा राग ओकले. हर्षालीचं सांगितलं. म्हणाले, एका साडीवर बहिणीला वाटेला लावणारी ही माणसं, यांना लाज कशी वाटत नाही.

शीला निरांजनातली वात पुढे सारत होती. म्हणाली, "वैनी, माज्या सहीच्या दिवशी साडी तुमीच आणली व्हती. मोरपंखी. लई चांगली व्हती, आजून हाय."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी उलट बोलले असते.

सासरे गेले त्या साली, सतरा वर्षांपूर्वी, याच घरात पुरणपोळी मी केली. मंचरच्या दुकानात साड्या मी पाहिल्या. भरत साधी घे म्हणत होते, मी भारी घेतली, आणि आपण नणंदेचं किती चांगलं करतो म्हणून मनात फुशारले. तेव्हा ओढ्याकडे बाभळी होत्या. शीलाने जीपमध्ये बसताना मला विचारलं होतं, वैनी, सही केली तर पुढं काई अडचण न्हाई ना. मी पदवीधर, मला कायदा ठाऊक होता. तीन वर्षांपूर्वीच पेपरात वाचलेलं होतं की मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. मी म्हणाले, कसली अडचण, माहेर कुठे जातंय.

दादा निदान जे करत होता ते वाडवडिलांकडून शिकून करत होता. मी वाचून केलं.

शुक्रवारी सार्थकला फोन केला. तो चाकणला नोकरीला आहे. म्हणाले, पट्टी आत्याला देणार आहे. तो गडबडला, मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "आई, आत्याने स्वतःच्या हाताने सही केली ना? मग कायद्याने विषय संपला."

मी म्हणाले, तुझ्या मामालाही तू असंच म्हणशील का?

"मामाला तूच कायदा दाखवतेस. मी तुला दाखवतोय. त्यात चुकलं काय?"

फोन ठेवल्यावर मला त्याचा राग आला, मग त्याने हे कुठून उचललं याचा. दादाच्या बाजूला कायदा नव्हता तेव्हा त्याने संस्कार काढले. सार्थकच्या बाजूला संस्कार नाहीत म्हणून त्याने कायदा काढला. आणि मी? माहेरी कायदा आणि सासरी संस्कार, असं मी सतरा वर्षं आलटून-पालटून वापरलं. ज्या बाजूला जमीन, त्या बाजूचं तत्त्व. जी बहीण सही देत नाही तिचं माहेर जातं, जी देते तिची जमीन जाते, आणि आपल्या घरांना याचा इतका अभिमान की त्यावर मांडवात भाषणं होतात. या घरांत माझं घर आहे.

म्हणून ही मोकळी पट्टी, माझ्या पश्चात, शीला हिला.

खोल्यांखालची जागा मी वगळली आहे. भाड्यावर माझं म्हातारपण आहे. ही सवलत मी स्वतःला देते आहे हे मला दिसतं आहे, तरी देते आहे.

कलम ५. माझ्या दशक्रियेला एकही भाषण होऊ नये. पुढारी आले तर चहा द्यावा, माइक देऊ नये. साऊंडवाल्याला बोलावलंच नाही तर वाद होणार नाही.

इथवर लिहून झाल्यावर साक्षीसाठी दोघांना घरी बोलावलं. शेजारचे गेणभाऊ, आणि गावातल्या शिक्षिका यशोधराताई, ज्यांच्याशी माझं पुस्तकांमुळे जमतं. सह्या करण्याआधी मी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. गेणभाऊंना साऊंडवाल्याचं फार आवडलं. मग म्हणाले, "आगं, मी सत्तरीला आलो. तुज्या आधी मीच जानार. साक्षीला मग कुणाला वर पाठवनार हायेस का?"

यशोधराताई हसल्या नाहीत. चौथं कलम त्यांनी स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा वाचलं.

"हे शीलाला कधी मिळणार?"

मी म्हणाले, माझ्या पश्चात.

"तुमची प्रकृती तर ठणठणीत आहे. आणि ती तुमच्याच वयाची. म्हणजे आणखी तीस वर्षं तिने सार्थकला ओवाळायला यायचं आणि तुमची तब्येत विचारायची?"

गेणभाऊ म्हणाले, जमीन देणारी बाई जिवंत असताना देते, हे त्यांनी अजून पाहिलं नाही. पुरुषही पाहिला नाही.

मी त्या दोघांना चहा करायला आत गेले आणि गॅस न पेटवता उभी राहिले. मृत्युपत्र मी कायद्यासाठी लिहायला घेतलं, असं मला वाटत होतं. ते सोयीसाठी होतं. मरेपर्यंत पट्टी माझी, आणि मेल्यावर चांगुलपणाही माझा. शीलाच्या वाट्याला काय, तर थांबणं. ते तिने सतरा वर्षं केलं आहे. सार्थकला मी गेल्यावर कळलं असतं की आई देऊन गेली. मी असताना हात आखडून बसलेली आई त्याने रोज पाहिली असती, आणि तो शिकला असता ते त्या रोजच्यातून.

बाहेर येऊन कलम ४ वर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं : रद्द. हे मेल्यावर द्यायचं नाही. यशोधराताईंनी रेघेशेजारी माझी सही घेतली आणि दोघांनी त्यांच्या केल्या.

बाकीची कलमं माझ्या समक्ष वाचली गेली, मला समजली, आणि मान्य आहेत.

लिहून देणार : स्नेहल भरत वाळुंज

आमच्या डोळ्यांदेखत सही केली :
१. गेणभाऊ रामभाऊ हिंगे, अवसरी खुर्द
२. यशोधरा रुपेश रोकडे, अवसरी खुर्द

ठिकाण : अवसरी खुर्द. दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५.

उद्या : शीलाला फोन करणे. आधार कार्ड आणि दोन फोटो घेऊन घोडेगावला ये, ओढ्याकडच्या पट्टीचं बक्षीसपत्र करायचं आहे, या वेळी सही मी करणार आहे, असं सांगणे.