तुकडे चिऊनेच जोडले

११ फेब्रुवारी
चिऊचं निदान झालं. ताईची मुलगी, जेमतेम पाच महिन्यांची — न्यूमोनिया, तोंड आलेलं, परत न्यूमोनिया. आणि दोष निघाला तो नेमका माझ्याच विषयातला.

प्रतिपिंडाचं जनुक पेशीत आयतं नसतं, तुकड्यातुकड्यांत असतं. प्रत्येक तुकड्याच्या कडेला डीएनएचीच एक छोटी खूण. कात्रीसारखं एक प्रथिन ती ओळखतं, तिथे कापतं, मग तुकडे जोडले जातात — दर पेशीत निराळे. म्हणून तर नाना जंतूंना पुरून उरतो आपण. चिऊच्या खुणा शाबूत आहेत. कात्रीच बिघडलेली, म्हणून प्रतिपिंडं होतच नाहीत.

ताई म्हणाली, "तू इतकी वर्षं हेच करतेस ना? मग कर की काहीतरी."

काय सांगू तिला? माझं काम खुणांवर, तेही उंदराच्या पेशींत. 

१३ फेब्रुवारी
प्रयोगशाळेत हात चालेना. मॅडम म्हणाल्या, "घरी जा. नाहीतर बस इथेच, पण पेशींवर रडू नकोस. त्यांना खारट चालत नाही."
बसले.

२१ फेब्रुवारी
उपाय एकच — दुसऱ्याची अस्थिमज्जा, या पेशी जिथे जन्मतात ती. जुळते का बघायला सगळ्यांनी रक्त दिलं. भावजी सुई बघूनच आडवे झाले. किती दिवसांनी हसली ताई.

३ मार्च
माझी जुळली. आईबापांची अर्धीच, आणि मावशीची पूर्ण! डॉक्टरही म्हणाले, असं क्वचितच होतं.

१९ मार्च
दिली. कंबर धरून चालतेय. एवढीशी लाल पिशवी — ती थेंब थेंब चिऊच्या अंगात उतरत होती आणि बाईसाहेब ढाराढूर.

"तुझ्यासारखी हट्टी निघाली तर तुझ्याकडेच आणून टाकीन," ताई म्हणाली.

८ एप्रिल
चिऊला ताप. जीव टांगणीला. लिहवत नाही.

१२ एप्रिल
उतरला. दूध मागितलं.

१८ जून
प्रयोग जमला.

एक तुकडा असा, की पेशी त्याला जवळपास कधीच निवडत नाहीत. मॅडमचं म्हणणं, तो पडलाय आडबाजूला, दुसरं काय होणार. मला वाटायचं, खूणच लेचीपेची आहे. तुकडा तोच ठेवला, जागा तीच. फक्त त्याच्या कडेला पेशींच्या एका लाडक्या तुकड्याची खूण बसवली. आज मोजणी आली — पेशी त्याला निवडताहेत, आणि चांगल्या भरभरून.

मॅडम आलेखाकडे बघतच राहिल्या. "जागेचाही वाटा असणार," म्हणाल्या. मग, "पण हे तुझं बरोबर. चल, कॉफी माझ्याकडून."

ताईला फोन केला. "याचा चिऊला उपयोग?"
"नाही गं. आत्ता तरी नाही."
"बरं. पण तू खूश आहेस ना?"
"हो."
"मग झालं तर."

फेब्रुवारीपासून छातीवर होतं काहीतरी. उतरलं.

१० सप्टेंबर
उशिरा का होईना, चिऊ बसायला लागली, हाताला येईल ते तोंडात. पण प्रतिपिंडं अजून बाहेरचीच, सलाइनमधून. तिची स्वतःची नाहीत. डॉक्टर म्हणाले, काही मुलांत ती कधीच होत नाहीत. ताईला त्यांनी सांगितलंय की नाही, कोण जाणे. मी विचारलं नाही.

२ ऑक्टोबर
सांगितलंय. ताईच म्हणाली, "नाही झाली तर सलाइन आहेच. मुलगी तर आहे ना." माझ्यापेक्षा खंबीर निघाली.

४ नोव्हेंबर
अहवाल आला. सलाइनमधून जी जवळजवळ मिळतच नाहीत, त्या जातीची प्रतिपिंडं चिऊच्या रक्तात सापडली — म्हणजे ही बाहेरची नव्हेत.

"म्हणजे तुझीच ना ती?" ताई फोनवर. "पेशी तर तुझ्या."

"पेशी माझ्या. पण दिल्या तेव्हा त्यांत तुकडे सुटेच होते. जोडले गेले ते तिच्या अंगात. ही प्रतिपिंडं माझ्यात नाहीत, ताई. चिऊची आहेत."

"मग तिलाच सांग," म्हणत ताईने फोन चिऊच्या कानाला लावला.