दोन लाव्ह्यांमधली लाल माती

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सांगायला दुसरं कोणी नाही म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. परवा फोपनारला एका लग्नाला गेले होते. जेवण झाल्यावर कोणाशी बोलावं सुचेना, म्हणून एकटीच केळीच्या बागांमधून त्या विहिरीपर्यंत चालत गेले. नववीत तुम्ही आम्हा मुलींना तिथे नेलं होतं. विहीर तेव्हा नुकतीच खोदलेली. तुम्ही आम्हाला पायऱ्यांवरून अर्ध्यात उतरवता. वर काळा दगड, खाली काळा दगड, मधे वीतभर लाल पट्टा. मी पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हणायला लागते आणि तुम्ही रागावता, "पाठ काय म्हणतेस? हात लाव त्याला. लाव्हा वाहिला तेव्हा धुरानं सूर्य झाकला, गारठा पडला. पुढे हवा अशी तापली की जगणं मुश्कील. मग हजारो वर्षं शांत गेली, पाऊस पडला, माती झाली, झाडं आली. त्यावर पुन्हा लाव्हा. ही ती भाजलेली माती." मी बोट लावलं, तर भुगा हातात आला. आपण हेच शिकायचं, असं तिथेच ठरवलं होतं मी.

बारावीनंतर तुम्ही राजपुऱ्यात आमच्या घरी आलात, हिला सागरच्या विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकू द्या म्हणून सांगायला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, "विचार करून सांगतो" म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी शाळेत येऊन तुम्हाला सांगितलं, "बाबा नाही म्हणाले." त्यानंतर तुम्ही बाबांशी कधी बोलला नाहीत. एकदा ते बाजारातून आले आणि आईला म्हणाले, "बाईंचं काय बिनसलं? नमस्कार केला तर बघितलंसुद्धा नाही." मी पोळ्या लाटत होते. लाटत राहिले.

पुढे इथेच ऑफिसात नोकरी केली, लग्न झालं. आजोबांनी आईला शिकू दिलं नाही, हे ऐकतच माझी मुलं मोठी झाली. आता ती इंदूरला असतात, हे गेले, घरात दिवसभर माझाच काय तो आवाज. तुम्ही नाहीत, बाबाही नाहीत. हा कागद टाकायचा तरी कुठे? पण विहिरीपाशी उभी होते तेव्हा वाटलं, एकदा लिहून तरी ठेवावं. तुम्ही येऊन गेलात त्या संध्याकाळी बाबा मला म्हणाले होते, "जा ना बेटा, सागर काही लई दूर नाही. मी येतो सोडायला."

मीच घाबरले, बाई.