पहाटे अडकणारा डिरेलर

पुकेकोहे, न्यूझीलंड, रविवार

तीर्थस्वरूप बाळासाहेब मामा यांना श्रीनाथचा इतक्या लांबून वाकून नमस्कार पोचावा. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचं पित्त? माझी तब्येत उत्तम आहे असं आईला सांगावं, खरं काय ते खाली लिहितो. फोन केला नाही, कारण इथल्या भिंती लाकडाच्या, पलीकडे सगळं ऐकू जातं. आणि घरच्या ग्रुपवर टाकलं तर मी पाठवायच्या आत ओतूरच्या स्टँडवर वाचतात.

मामा, कुणीतरी माझ्या सायकलच्या जिवावर उठलंय. कांद्याच्या पॅकहाऊसवर सहाला हजर व्हावं लागतं, आणि रस्ता बॉम्बे नावाच्या गावाकडे चढत जातो (हो, इथेही बॉम्बे आहे, नाव कुणी आणि कशाला उचललं याचा पत्ता मला अजून लागलेला नाही). सायकल जुनी घेतलेली, पण डोंगरात चालवायची, पुढे तीन चक्रं. चढ आला की साखळी लहान चक्रावर आणायची. ती सरकवणारा चिमटा असतो, त्याला पुढचा डिरेलर म्हणतात. हा डिरेलर पहाटे अडकतो. साखळी मोठ्या चक्रावरून हलत नाही, मी उतरून सायकल ढकलत नेतो आणि उशीर होतो. दुपारी सुटल्यावर मात्र तोच डिरेलर मास्तर समोर असल्यासारखा सरळ वागतो. आता यंत्राला सकाळ-दुपार कळते का? म्हणजे मी झोपल्यावर कुणीतरी हात लावतं.

आमची सुपरवायझर सिद्धी (आईबाप ठाण्याचे, ती जन्मली इथे; मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत) परवा म्हणाली, "श्रीनाथ, वन मोअर टाइम अँड आय कान्ट हेल्प यू, ए." तो 'ए' इकडे सगळे वाक्याच्या शेवटी लावतात, धमकीलासुद्धा. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की मी परत तुमच्या ओसरीवर.

म्हणून नवा डिरेलर बघायला दुकानात गेलो. त्या गोऱ्याने मुलगी बघायला आल्यासारखे प्रश्न विचारले. फ्रेमची नळी किती जाड, वायर वरून ओढते की खालून, चक्रं किती. मला वाटलं, डिरेलर म्हणजे डिरेलर. मग त्याने माझी सायकल उलटसुलट केली, चक्रं फिरवली आणि म्हणाला, हा तर नीट चालतोय, घेऊ नकोस. मामा, घेऊ नकोस म्हणणारा दुकानदार तुम्ही जन्मात पाहिलाय का? मी हटलो नाही. तर त्याने दोन डिरेलर हातात ठेवले, एक वरून ओढायचा, एक खालून. घरी लावून बघ, बसेल तो ठेव, दुसरा आण. पैसे नंतर. नाव विचारलं नाही, आधार नाही, काही नाही, वर "स्वीट अ‍ॅज" (म्हणजे इकडचं 'काही हरकत नाही'). दाराबाहेर येईपर्यंत मी मागे वळून बघत होतो. यात काय डाव आहे ते कळेना, म्हणून दोन्ही खोके अजून उघडलेले नाहीत.

राहता राहिला देवव्रत. मामींच्या मैत्रिणीचा, शकुंतलाकाकूंचा मुलगा म्हणून त्याच्या गॅरेजवरच्या खोलीत मी राहतो; काकूही इथे त्याच्याकडेच असतात. कॉम्प्युटरवाला आहे. तो म्हणतो, "काढून टाक रे तो पुढचा, हल्ली नव्या सायकलींना एकच चक्र असतं." म्हणजे मी एका चक्रावर चढ चढायचा, उशीर करायचा, नोकरी घालवायची, आणि याची खोली रिकामी. त्याचे सासू-सासरे नाताळात यायचेत, हे मी ऐकलंय (भिंती लाकडाच्या). काकूसुद्धा रोज विचारतात, "आज वेळेवर पोचलास का रे?" एवढी चौकशी कशासाठी? तरी हा देवव्रत पुण्यात कसा होता, कुणाचं काही बिघडवून आलाय का, याचा तपास करावा. मामींना कळू देऊ नये.

आपला आज्ञाधारक,
श्रीनाथ

ता. क. पत्र पाकिटात घालायचं राहिलं होतं ते बरं झालं. काल तिन्हीसांजेला काकू दिवा लावून बाहेर आल्या आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन माझ्या सायकलपाशी बसल्या. डिरेलरला बोटाने चोळून चोळून तेल. दसऱ्याला त्यांनी सायकलला हळदकुंकू वाहिलं, तेव्हापासून म्हणे रोज. "पोरगं चढावर दमतं, चाक हलकं फिरू दे." इकडच्या गारठ्यात खोबरेल पहाटेपर्यंत थिजून मेणासारखं होतं, आणि दुपारच्या उन्हात वितळतं.

ता. क. २. गरम पाण्याने आणि साबणाने सगळं धुतलं. आज सहाच्या आत पोचलो. सिद्धीने घड्याळ बघितलं, मला बघितलं, परत घड्याळ बघितलं. दोन्ही खोके परत दिले, तर तो गोरा "नो वरीज" म्हणून हसला. का हसला ते बघावं लागेल.

ता. क. ३. देवव्रतची वर लिहिलेली चौकशी आता करू नये. खरं काम वेगळंच आहे. काकूंना तेल लावू नका म्हणायची माझी छाती होत नाही. सून-मुलगा कामावर, नात इंग्रजीत बोलते, दिवसभरात त्यांच्या हाताला तेवढंच काम आहे. मी तिळाच्या तेलाची बाटली आणून ठेवलीय, ते थिजत नाही. मामींनी फोन करून, आमच्याकडे गाडीला तिळाचंच तेल लावतात, असं सहज बोलल्यासारखं सांगावं. मी सांगितलं तर त्यांना संशय येईल, आणि संशयी माणसाबरोबर एका घरात राहणं फार अवघड, मामा.