मीठ कोण सांगणार

४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

जहाजाच्या इंजिनात डोकं घालून बसला असशील, तरी हे पत्र हात पुसून वाच. आईबद्दल आहे. हल्ली दर रविवारी तिच्याकडे जेवते. कधी सूप खारट, कधी भाजी पार अळणी, आणि ती शांतपणे वाढत असते. परवा दूध करपून पातेल्याचा कोळसा झाला. वास पार जिन्यापर्यंत, आणि बाईसाहेब शेजारच्या खोलीत विणत बसलेल्या. बाबा गेल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. औषधांच्या दुकानात अशी माणसं रोज बघते मी.

एक तारखेला तिची विजेची शेगडी उचलून नेणार आहे. डबाही ठरवलाय. तिला सांगितलं तर ओटा पुसत राहिली.

लहानपणीचं ते स्वयंपाकघर आठवतं? कांदे-लसूण माझ्याकडे, डोळ्यांतून धारा. तू मात्र खुर्चीवर उभा राहून डावातलं चाखणार आणि मीठ सांगणार. लाडोबा कुठला! मी थोरली, पण तो मान मला कधी मिळाला नाही. असो.

तुझं मत कळव. माझ्यासारखंच असेल तर लवकर कळव.

तुझी,
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बंदराला लागलो आणि तुझं पत्र हातात पडलं. शेगडीला हात लावू नकोस.

आईला चव लागत नाही. वासही येत नाही. तू पाळण्यात असताना तिला मोठा ताप आला होता, त्यात दोन्ही गेलं. ती स्वतः का चाखत नाही, असं मी एकदा विचारलं तेव्हा तिने सांगितलं, आणि कुणाला कळलं तर आपल्याला चुलीपाशी उभं करणार नाहीत, असंही म्हणाली. बाबांना अर्थात ठाऊक होतं. मी जहाजावर आल्यावर रोज तेच चाखायचे. आता ते नाहीत, मग मीठ कोण सांगणार?

तुला हे माहीत असेल असंच मी धरून चाललो होतो. गाढवपणा माझा. पण मलाच का चाखायला लावायची, ते मलाही माहीत नाही. तिलाच विचार.

लोभ आहेच, तो शेगडी जागेवर ठेवून वाढवावा.

तुझा,
धाकटा

२७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

विचारलं. आधी तुझ्या चोंबडेपणाला दोन शब्द बोलून झाले. मग म्हणाली, मला आठवतही नाही इतकी लहान असताना ती आधी मलाच चाखायला लावायची, पण मी तिच्या तोंडाकडे बघायचे आणि काहीही असलं तरी छान म्हणायचे. एकदा पाहुण्यांसमोर सगळा रस्सा खारट निघाला. तू मात्र चमचा तोंडात घालताच थू म्हणायचास. तिला तसं माणूस हवं होतं. मी इतकी वर्षं राग धरून बसले होते, तो आता कुठे ठेवावा कळेना.

मग तिने सूप ढवळलं आणि डाव माझ्यापुढे धरला. चाखलं. छान हा शब्द अगदी जिभेवर आला होता. तो गिळला आणि सांगितलं, खारट आहे, तोंडात धरवत नाही.

आईचा चेहरा असा खुलला की काय सांगू. लगेच एक बटाटा माझ्या हातात दिला, सोलून आत टाक म्हणाली.

डबा बंद केला आहे. रोज दुकान बंद करून तिच्याकडे जाते. तू सुट्टीवर येशील तेव्हा तुझी जुनी जागा मिळायची नाही. कांदे तुझ्याकडे.

माया आहे तशीच ठेव, सुरी धारेची आण.

तुझी,
ताई