भिसेगावच्या वाटेसाठी एक बार

आश्विन वद्य ४, कोंडाणे
ओढ्यापाशी बिबळ्याने काल मोळीविक्या धरला. सापडला, पण अर्धाच. सौ.ला सांगितले नाही. तिचे दिवस भरत आलेत, मूल आडवे आहे, आणि सुईण भिसेगावला. कळा लागल्या की सुईणीला आणायला मला ओढ्याच्या याच वाटेने जायचे आहे. सौ.ला आधीच गाडीत घालून नेले असते, पण मागचे बाळ गाडीच्या हिसक्यांनीच गेले.
वखारीच्या राखणीला जंगलखात्याच्या साहेबाने ठासणीचे पिस्तूल दिलेय. मी कारकून. लेखणीखेरीज काही चालवले नाही.

व. ६
अंगणातला फणस चुकला. एवढा मोठा फणस. पिस्तुलाबरोबरच्या गोळ्या नळीत खुळखुळतात, बार काढला की कुठे जातात देव जाणे. दारू वाढवून पाहिली, मनगट अजून ठणकतेय. भीतीने डोळे मिटतो ते निराळेच.

व. ८
गोळीला चिंधी गुंडाळून ठासावी, असे साहेबाचा शिपाई म्हणाला होता. धोतराची चिंधी पातळ, जळून गेली. गोणपाटाची निम्म्यातच अडकली. नळी फुटली असती तर? घाम फुटला. मग गजाने टोकरून बाहेर काढली.
सौ. दारातून, "अहो, त्या फणसाने तुमचं काय केलंय?" मग हसू थांबवून, "वाटेवर काय आहे ते ठाऊक आहे मला. ठमी बोलली."
ठमी शेजारची ठाकरीण. तिच्या तोंडाला कुलूप नाही.

व. ९
सौ.ने जुन्या लुगड्याचा पदर टर्रकन फाडला. मला विचारलेसुद्धा नाही. चिंधीला तुपाचे बोट, दारू अर्धे माप. तीन बार काढले, तिन्ही फणसात, एकाशेजारी एक. हेच ते. मला उगाच रडू आले.
मग डबी पाहिली. दारू एकाच बारापुरती. चांगला बार शोधण्यात सगळी उडवून बसलो. गाढव आहे मी.

व. ११
उरलेली दारू उन्हात वाळवून ठासली. दमट असेल तर? उडवल्याशिवाय कळायचे नाही, आणि उडवला तर मग...
गोठ्यामागे पंजे उमटलेत.

व. १२, दिवस कलताना
कळा सुरू. ठमी आत सौ.पाशी. तिचा नवरा आणि दीर अंगणात पलिते बांधतायत. नवरा म्हणाला, "दादा, आज वाघबारस हाय. वाघदेवाच्या दिशी हत्यार न्यायचं नाय. तेवढं घरात ठेवा, आमी दोगं येतो संगं."
नाही तर एकट्याने जा, असा त्याचा अर्थ.
सौ. दात आवळून, "माणसं घ्या हो. ठेवा ते."
ठेवतो म्हणालो. पलिते बांधून होईतो हे लिहितोय.
पिस्तुलाची पिशवी कोनाड्यात ठेवलीय, त्यांना अंगणातून दिसेल अशी. पिशवी रिकामी आहे. बंडीखाली पोटाला लोखंड गार लागतेय. हाका मारतायत.