सात नंबरचं सीरम

९ जानेवारी
संकल्प एकच. सप्टेंबरात लिस्बनच्या थायरॉइड परिषदेत आमच्या ओडेन्सच्या लॅबतर्फे मीच बोलणार. आमच्या प्राध्यापक व्हिबेकेबाई एकालाच पाठवणार आहेत. मागच्या दोन्ही वेळा माझी संधी हुकली. यंदाचा दुसरा उमेदवार आस्गर. वय माझ्याहून बरंच कमी, दाढी माझ्याहून दाट. मला त्याच्याबद्दल काहीही वाटत नाही.

१६ जानेवारी
आज लॅबमधल्या सगळ्यांनी रक्त दिलं. आस्गरला चाचणीसाठी निरोगी माणसांचं सीरम हवं होतं. मीही दिलं, मोठ्या मनाने. नळ्यांवर नावं नाहीत, नुसते नंबर; कुठला कोणाचा, ती यादी फक्त बाईंकडे.

चाचणी म्हणजे काय, तर थायरॉइडच्या पेशीच्या दारावर जणू एक बेल असते. मेंदूखालच्या ग्रंथीकडून निरोप आला की ती वाजते आणि पेशी हॉर्मोन बनवायला लागते. ग्रेव्हज नावाच्या थायरॉइडच्या आजारात पेशंटच्याच अँटिबॉडी त्या बेलवर बोट दाबून उभ्या राहतात, मग पेशी थांबायचं नाव घेत नाही. आस्गरच्या पेशी बेल वाजली की चमकतात. मोठाच उजेड पाडला म्हणायचा.

माझा विषय खोल. बेल अडवून धरणाऱ्या अँटिबॉडी. स्वतः वाजवायची नाही, दुसऱ्याला वाजवू द्यायची नाही. बाई म्हणाल्या, टोर्बेन, तुला विषय अगदी शोभतो. कौतुकच असणार.

३ फेब्रुवारी
झोप येत नाही. कामाच्या माणसाला लागतेच कशाला? वजन घटतंय, आणि खातोय दुप्पट. राय ब्रेड, वर लिव्हरची पेस्ट, वर हेरिंग मासा. पँट ढगळ झाली. आस्गर जिमला जातो, तरी पोट जागच्या जागी. बिचारा.

१२ फेब्रुवारी
लॅबमध्ये उकडतं. खिडकी उघडली. बाहेर बर्फ. आस्गर म्हणाला, अरे, पेशींना सर्दी होईल. सगळे खो खो हसले. एवढ्याशा विनोदाला? मी सांगितला असता तर कुत्रंही हसलं नसतं. घरी बायको मेरेते दोन गोधड्या पांघरून म्हणाली, एक तर खिडकी लाव, नाहीतर मी चालले माहेरी.

२१ फेब्रुवारी
पिपेट थरथरतं. नवीन मागवलं. तेही थरथरतं. कंपनीच बदलायला हवी. कित्येक आठवडे वाढवलेल्या पेशींची प्लेट हातातून निसटली. फरशी पुसायला पहिला धावला कोण, तर आस्गर. काय तो उत्साह.

५ मार्च
शुक्रवारचा केक. पाळी आस्गरची. वेलदोड्याचा, स्वतः केलेला. बायका रेसिपी काय विचारतात, बाई डबा काय भरून नेतात. मी चार तुकडे खाल्ले, निव्वळ दोष शोधायला. सापडला नाही. राग आला. छाती धडधडत होती. ध्यास म्हणतात तो हाच. मेरेते म्हणते, तुझे डोळे खोबणीतून बाहेर आल्यासारखे दिसतात, डॉक्टरला दाखव. तिला तेज ओळखता येत नाही.

१९ मार्च
सापडला एकदाचा. आस्गरच्या निरोगी लोकांपैकी सात नंबरचं सीरम पेशींना लखलखवतंय. पेशंटपैकी एकाचंही एवढं नाही. म्हणजे चाचणीच भिकार. बुधवारच्या मीटिंगपर्यंत मी गप्प. लिस्बनसाठी नवा कोट बघून ठेवला.

२४ मार्च
बोललो. सगळ्यांसमोर विचारलं, ज्या चाचणीत धडधाकट माणूस आजारी ठरतो ती घेऊन लिस्बनला कुठल्या तोंडाने जायचं? आस्गर मान खाली घालून म्हणाला, तीनदा केली, तेच येतं. बाई म्हणाल्या, मग तो माणूसच धडधाकट नसेल. तो कोण ते मला माहीत आहे, मी त्याच्याशी एकट्याने बोलेन. मी म्हणालो, एकट्याने कशाला? इथेच होऊन जाऊ दे. विज्ञानात कसली लाज?

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, टोर्बेन, आधी ती खिडकी लाव आणि खाली बस.

८ एप्रिल
ग्रेव्हज. पक्कं निदान. आयुष्यभर थायरॉइडवर काम केलं आणि स्वतःचा दिसला नाही. त्याहून वाईट म्हणजे माझ्या रक्तात अडवणारी अँटिबॉडी औषधालाही नाही. सगळ्या बेल दाबणाऱ्या, आस्गरच्या विषयातल्या. माझं रक्तसुद्धा त्याला फितूर.

लिस्बनला तोच जाणार. त्याच्या मुख्य आकृतीतला सगळ्यांत उंच खांब माझा. परवानगी मागायला ट्यूलिप घेऊन आला होता. दिली.

एक बरं झालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, या आजारात चिडचिड होते. म्हणजे हा सगळा जळफळाट हॉर्मोनचा होता. मेरेतेला समजावलं, मी मुळात हेवा करणारा माणूसच नाही. ती हूं म्हणाली. गोळ्या सुरू.

१० सप्टेंबर
रिपोर्ट आले. सगळं नॉर्मल. झोप लागते, हात स्थिर, पोट परत आलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता तुम्ही पूर्वीसारखे झालात.

संध्याकाळी लिस्बनहून आस्गरचा फोन. भाषण छान झालं, टाळ्या थांबेनात. म्हणाला, सगळ्यांत आधी तुझे आभार मानले रे. मनापासून म्हणाला, हे आणखी वाईट. मी अभिनंदन केलं, फोन ठेवला आणि आतून नखशिखांत जळलो. नाडी बघितली. अगदी शांत.

मेरेतेला म्हटलं, डोस वाढवायला हवा. ती म्हणाली, डोस बरोबर आहे, टोर्बेन. हा तूच आहेस.