हाक मारल्यावर ओ द्यावी

९ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार आधी, भांडण मागाहून. तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठ्ठीच ती! भाऊजींच्या खोकल्यावर तीन ओळी, शेजारणीच्या मांजरावर दोन, आणि कोपऱ्यात एक ओळ, ‘डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करावं लागेल, छोटंसंच आहे.’ मांजराला दोन आणि स्वतःला एक. त्याबद्दल शेवटी लिहिते.

माझं ठीक चाललंय. नव्या नोकरीत रुळले. नोकरी म्हणजे काय, तू विचारलं होतंस. इथे एक जुनं, मोठं घर आहे. मालक कधीच गेले, आता लोक तिकीट काढून ते बघायला येतात. पलंग बघतात, आरसे बघतात, आणि मग वास आला की सगळे स्वयंपाकघरात गोळा होतात. तिथे मी असते. जुन्या विटांच्या भट्टीत, त्या घरातल्या बायकांच्या जुन्या पाककृती करून दाखवायच्या आणि शेवटी सगळ्यांना खाऊ घालायचं. तू म्हणायचीस ना, हिला चूल आणि प्रेक्षक दोन्ही लागतात, तर देवाने ऐकलं.

सध्या एकच पदार्थ गाजतोय. त्याला नाव नाही, आम्ही ‘झाकणाची नासपती’ म्हणतो. पसरट मातीचं भांडं घ्यायचं, तळाला शिळ्या पावाचे तुकडे, त्यावर मध, मनुका, जायफळ. मग अख्ख्या नासपती सोलून, देठ तसाच ठेवून, उभ्या लावायच्या. वरून मैद्याच्या जाड पोळीचं झाकण घालून कडा चिकटवायच्या. प्रमाण कसं दिलंय बघ, ‘लोणी अंड्याएवढं’. कोंबडीचं की बदकाचं, ते विचारायला आता कोणी उरलं नाही. भट्टी तापली का हे बघायला मूठभर पीठ आत भिरकावायचं. तपकिरी झालं तर भांडं आत, काळं झालं तर गप्प बसायचं. परवा मी गप्प बसले नाही, तर झाकणाचा कोळसा झाला.

त्या घराची एक पद्धत मात्र फार गोड आहे. प्रत्येक माणसाची एक नासपती आणि तिच्या बरोबर वर, झाकणावर, त्या माणसाची खूण सुरीने कापायची. वाफ तिथूनच बाहेर पडते. भांडं बाहेर आलं की एकेकाला हाक मारायची. ज्याची खूण त्याने ओ द्यायची, आणि ओ आली की मगच त्याच्यापुरतं झाकण फोडायचं. या घराचं संग्रहालय सांभाळणाऱ्या आमच्या क्युरेटरबाई म्हणतात, पूर्वी घरं मोठी, माणसं विखुरलेली, म्हणून हाका. असेल. लोकांना भारी मजा वाटते. टक्कल पडलेले गृहस्थसुद्धा शाळेतल्यासारखे ‘ओ’ म्हणून ओरडतात.

मला आपली आई आठवते. पावावर ती खुणा करायची, आपण भांडू नये म्हणून. बाबांचा आडवा चिरा, तिची चंद्रकोर, तुझं पान, आणि माझी दोन टिंबं, कारण मी एका जागी बसायचे नाही.

आता एक गंमत सांगते. गंमतच समज. मागच्या मंगळवारी धुकं इतकं पडलं की एकही माणूस फिरकला नाही. भट्टी तर पेटवलेली. म्हटलं, आपल्यापुरतं करू. दोन नासपती लावल्या. एकीवर माझी टिंबं काढली, दुसरीवर चष्मा. आमच्या ह्यांचा. भांडं निघालं तेव्हा मी मोकळ्या स्वयंपाकघरात, एकटीच, लाजत लाजत हाक मारली, ‘अहो!’

ओ आली असं मी म्हणणार नाही. तुला आठवतंय ना, हे कधी ओ द्यायचेच नाहीत, नुसता घसा खाकरायचे. कोठाराच्या बाजूला कोणीतरी घसा खाकरला.

झाकण फोडलं. खाली नासपती नव्हती. मी माझ्या हाताने लावलेली, ताई, मुठीपेक्षा मोठी. पाक पुसून घेतल्यासारखा. देठ तेवढा होता, भांड्याच्या कडेवर आडवा ठेवलेला. हे फळ खाल्लं की देठ बशीच्या कडेवर तसाच ठेवायचे, आणि मी चार वर्षांपूर्वीपर्यंत रोज त्यावरून कुरकुरायचे.

माझी होती तशी होती, रसाने टम्म.

घाबरायला हवं होतं. मला बरं वाटलं. मी तिथेच स्टुलावर बसून पोटभर रडले आणि माझी नासपती खाऊन टाकली.

ऑपरेशनबद्दल लिहायचं होतं, पण कागद संपत आला. भाऊजींना खोकल्यावर मध घ्या म्हणावं. स्वतःला जप.

तुझी,
धाकटी

&nbsp;

२५ नोव्हेंबर

ताई,

तुझं उत्तर नाही. रागावलीस का? मागचं पत्र वाचून ‘धाकटीचं डोकं फिरलं’ असं भाऊजींना म्हणाली असशील, तर म्हण, पण कागदावर म्हण.

फोन केला होता. भाऊजींनी घेतला. तू झोपलेली होतीस. ऑपरेशन झालं का, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर ‘तुमच्याकडे थंडी कशी आहे?’ ते म्हणाले, ‘आहे, बरी आहे.’ थंडी बरी आहे की तू, हे दोघांनाही कळलं नाही. मग त्यांना खोकला आला आणि फोन संपला.

इकडचं सांगते. मागचं लिहिल्यावर मी स्वतःलाच खुळ्यात काढलं होतं. नासपती जास्त पिकलेली असेल, विरघळली असेल. क्युरेटरबाईंना काही बोलले नाही. पण त्यांना खाऊ घातलं दोनदा. त्यांच्यासाठी मी प्रश्नचिन्ह कापते, कारण बाई सतत काहीतरी विचारतात. दोन्ही वेळा त्यांची नासपती जागेवर. एकदा आईची चंद्रकोरही कापून बघितली. हाक मारली, तर भट्टीमागून ‘ओ गंऽ’ असं आलं, कामात असली की ती द्यायची तसं लांबवून. झाकणाखाली फक्त देठ. आई देठसुद्धा चोखायची, तो पांढरा पडला होता.

हे सगळं मी सुखाने लिहिते आहे हे तुला कळतंय ना? मला वाटलं होतं, गेलेल्या माणसांना जेवू घालायची सोय झाली, आणखी काय हवं.

मग दादांचं झालं. फाटकावरचे दारवान गं, आम्ही त्यांना दादा म्हणतो, ते सगळ्यांना ‘जपून, पायरी आहे’ म्हणतात आणि स्वतः रोज अडखळतात. बहिणीकडे गेले होते, त्या दिवशी दुपारी परत येणार होते. येतील तोवर गरम राहील म्हणून मी त्यांचीही नासपती लावली, वर किल्ली कापली. भांडं निघालं. क्युरेटरबाई समोर होत्या. मी सहज, सवयीने हाक मारली, ‘दादाऽ’.

फाटकाकडून ओ आली. मोठी, स्वच्छ.

‘आले वाटतं,’ बाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला सांगून बाहेर गेल्या. परत आल्या त्या कपाळाला आठ्या घालून. ‘फाटकाला तर कुलूप आहे. तुम्हीही ऐकलंत ना?’

मी म्हटलं, ‘ऐकलं.’

‘मग गेले कुठे?’

मी तोवर किल्लीवरचं झाकण फोडलं होतं. बाईंनी आत वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. ‘लावायची विसरलात का?’

‘मग हा देठ कुठून आला?’ मी म्हटलं.

संध्याकाळी दादांच्या बहिणीचा फोन आला. सकाळीच गेले होते, अंथरुणातच, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेले. आम्ही जेव्हा त्यांना हाक मारली तेव्हा त्यांना जाऊन अर्धा दिवस झाला होता.

बाईंनी तेव्हापासून झाकणाची नासपती बंद केली. लोकांना सांगतात, भट्टी दुरुस्तीला आहे. मला म्हणाल्या, ‘योगायोग असतो हो,’ आणि ते प्रश्नचिन्ह न लावता म्हणाल्या, म्हणजे बघ.

ताई, दोन ओळी लिही. मांजराच्याच लिही.

तुझी,
धाकटी

&nbsp;

४ डिसेंबर

वर तुला हाक मारलेली नाही. विसरले नाही. मुद्दाम मारली नाही. का ते सांगते, पूर्ण वाच.

भाऊजींना परत फोन केला, काल सकाळी, दुपारी, संध्याकाळी. तू झोपलेली. दर वेळी झोपलेली. ‘ऑपरेशन नीट झालं, अशक्तपणा आहे, उगाच धावत येऊ नकोस,’ म्हणाले. आवाज गोड होता. मला त्यांचा तो गोड आवाज माहीत आहे. आमच्या ह्यांची गाडी उलटली तेव्हा याच आवाजात ‘हॉस्पिटलात आहेत, सुधारतायत’ म्हणत होते, आणि मी घरी ह्यांच्यासाठी पेज शिजवत होते. मनाने हळवे आहेत, मला धक्का बसू नये म्हणून केलं, मी कधीच माफ केलं. पण त्यांच्या ‘झोपली आहे’वर मी विश्वास कसा ठेवू, सांग.

मी आधीच यायला हवं होतं, हे तू म्हणणार नाहीस, म्हणून मीच म्हणते. हॉस्पिटलच्या दाराशी माझे पाय चालत नाहीत. तेवढंच कारण आहे. तुझ्या पत्रातली ती एक ओळ मी इतक्यांदा वाचली आहे की तिथे कागद मऊ पडला. मला तू हवी आहेस. दुसरं काहीही नको, ही नोकरी नको, ते घसा खाकरणंसुद्धा नको.

आज घर बंद असतं. हाताला चाळा हवा म्हणून मी भट्टी पेटवली. शपथ घेऊन सांगते, फक्त बाबांची करायची होती. त्यांना इथे कधी बोलावलंच नव्हतं. पण नासपती चार सोलल्या गेल्या. आणि सुरी हातात आल्यावर हाताने जे लहानपणापासून बघितलंय ते केलं. आडवा चिरा, चंद्रकोर, पान, टिंबं. आई कशी न थांबता कापायची, तसं. भांडं भट्टीत सरकवल्यावर मला कळलं मी काय केलं ते. ओढून बाहेर काढायला गेले, तर लाकडी फावड्याचा दांडा सटकला आणि भांडं पार मागच्या भिंतीला जाऊन लागलं. मग भाजेपर्यंत बघत बसण्याखेरीज काही उरलं नाही.

क्युरेटरबाई किल्ल्या न्यायला आल्या होत्या. माझं तोंड बघून थांबल्या. सगळं सांगितलं.

‘मग फोडा आणि बघा,’ त्या म्हणाल्या. ‘शंका तरी फिटेल.’

‘हाक मारल्याशिवाय फोडत नाहीत.’

‘मग मारा हाक!’

मी बाबांना मारली. ते आढ्याकडून ‘हं’ म्हणाले, पेपरातून डोकं न काढता. देठ. आईला मारली. देठ. मग माझी मलाच हाक मारली आणि माझी मीच ओ दिली. माझी नासपती होती. तशीच टाकून दिली.

तुझं पान राहिलं. छान उमललंय, कडा सोनेरी झाल्या आहेत, मधल्या शिरेतून वाफ येते आहे. मी तोंड उघडलं. बाई बाजूला श्वास धरून उभ्या. आणि माझ्या लक्षात आलं, की इथे, या स्वयंपाकघरात, मी तुला हाक मारली आणि ओ आली, कोठारातून, भट्टीमागून, अगदी कुठूनही आली, तर मी काय करू? तू इथे नाहीस. इथून फक्त गेलेल्यांचीच ओ येते.

मी तोंड मिटलं. बाईंनाही बजावलं, नाव काढू नका. त्यांनी पुढे होऊन भांड्याभोवती जाड कपडा गुंडाळला, चार टोकांच्या गाठी मारल्या आणि म्हणाल्या, ‘सकाळच्या गाडीत बसा. सुट्टी मी लावते.’ आणि भांडं संग्रहालयाचं आहे, फुटलं तर माझ्या पगारातून, हेही म्हणाल्या, म्हणजे त्या अजून शाबूत आहेत.

तर मी निघते आहे. हे पत्र आधी पोचेल की मी, माहीत नाही. भांडं मांडीवर घेईन. गाडीत कोणी विचारलं काय आहे, तर बहिणीचा खाऊ म्हणून सांगेन. वाटेत तुझं नाव मनातसुद्धा घेणार नाही. तुला माहीत आहे, मला गप्प बसणं किती जड जातं.

तुमच्या दाराशी आले की घंटा वाजवणार नाही. भाऊजींना सांग, पुढे होऊ नका. उठवत नसेल तर उठू नकोस, पलंगावरूनच चालेल, आवाज बारीक असला तरी चालेल, मी दाराला कान लावून उभी असेन. बाहेरून एकदाच हाक मारेन, लहानपणी खेळून आल्यावर मारायचे तशी.

ओ दाराच्या आतून येऊ दे. माझ्या हातातल्या भांड्यातून नको.

अजून हाक न मारलेली,
तुझी धाकटी